मायच्या नावाचं मीटर

मेहकरच्या एसटी आगारात प्रेमानंद अंभोरे कंडक्टरबद्दल कोणालाही विचारलं असतं, तर सरळ माणूस एवढंच उत्तर मिळालं असतं. सुट्या पैशांवरून तो कधी कोणाशी भांडला नाही. म्हातारा माणूस चढला की जागा करून दिल्याशिवाय त्यानं बेल मारली नाही. सिंदखेडराजाच्या गाडीवर तो इतकी वर्षं होता की वाटेतल्या बाया त्याला 'भाऊ' म्हणायच्या आणि घरची सुखदुःखं सांगायच्या.

हे सरळपण त्याच्यात आलं होतं ते त्याच्या मायकडून. केसरबाई मूळची दुसरबीडची. नवरा भाऊराव विहिरीच्या कामावर असताना दरड कोसळून गेला, तेव्हा प्रेमानंद नुकताच शाळेत जायला लागला होता. त्या बाईनं मग लोकांच्या वावरात निंदलं, कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं आणि पोराला मेहकरच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. बाजाराच्या दिवशी ती फडक्यात भाकरी बांधून यायची आणि वसतिगृहाच्या पायरीवर बसून पोरगा जेवेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहायची. पुढं तो नोकरीला लागला, सुवर्णाशी लग्न झालं, मेहकरात दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आणि मागं एक पत्र्याची खोली उभी राहिली, तेव्हा पहिलं काम त्यानं केलं ते मायला दुसरबीडहून घेऊन येण्याचं. तेव्हापासून केसरबाई गावाकडं कोणाच्या लग्नाला, मयतीला गेली की एक गोष्ट हमखास सांगायची, "माहा प्रेमानंद मले वाढल्याबिगर घास घेत नाई."

आणि ते खरंच होतं.

विजेचे दर वाढले आणि सगळ्या गावाचं बोलणंच बदललं. आगाराबाहेरच्या टपरीवर पूर्वी पाऊस, कापसाचा भाव, कोणाची बदली असल्या गोष्टी चालायच्या. आता जो तो खिशातून बिल काढून दुसऱ्याला दाखवायचा. तुझं किती आलं, माझं किती आलं, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होतं. प्रेमानंदच्या घरी सुवर्णा ब्लाउज शिवायची. मशीनला मोटार होती, इस्त्री होती, उन्हाळ्यात कुलर होता, वर जुना फ्रीज. पोरगी पूनम अकरावीत होती, तिचा पंखा आणि दिवा अभ्यासाच्या नावाखाली कधी बंद व्हायचा नाही. बिल हातात घेऊन प्रेमानंद बराच वेळ नुसता उभा राहिला होता.

मग त्यानं आणि पूनमनं मिळून वर्षभराची बिलं काढली आणि नवे दर समोर ठेवून हिशेब मांडला. त्यात त्याला जी गोम कळली ती कंडक्टरला लगेच कळावी अशीच होती. पहिल्या शंभर युनिटला दर कमी. शंभर ओलांडले की पुढच्या युनिटांना चांगलाच जास्त. तीनशेच्या वर गेलं तर त्याहून जास्त. गाडीच्या भाड्यासारखाच टप्पा. त्यांचं घर दर महिन्याला पहिला टप्पा ओलांडून दुसऱ्यात खोल शिरायचं, आणि खरं बिल तिथं चढायचं. छतावर सोलर बसवायचं पाहिलं, तर स्लॅबवर निम्म्या जागेत पाण्याची टाकी आणि उरलेल्या जागेवर शेजारच्या कडुनिंबाची सावली. फ्रीज बदलायचा तर नव्या फ्रीजचा खर्च.

उपाय सुचवला तो त्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनं. चंद्रशेखर त्याचं नाव. भला माणूस, पण कुठल्याही नियमाला एक मागचं दार असतं अशी त्याची पक्की समजूत.

"दुसरं मीटर घे ना बे," चहाचा घोट घेत चंद्रशेखर म्हणाला. "एका घरात दोन मीटर, म्हंजे पहिले शंभर युनिट दोनदा. अर्धं घर इकडं, अर्धं तिकडं. आमच्या भावानं तसंच केलं."

"त्याची चूल वेगळी हाये. माही कुठं हाये?"

"तुही माय हाये ना. तिचं राशन कार्ड अजून दुसरबीडचं, वेगळंच हाये म्हनतं ना तू? मागच्या खोलीले गल्लीतून दार हाये. तिथं एक शेगडी ठेव, चार भांडे ठेव. सायेब येईन, पाहीन, जाईन. मायले सांग, मी वेगळी राह्यते म्हन. एका वाक्याचं तं काम हाये."

प्रेमानंदनं आठवडाभर ते मनात घोळवलं. पूनमकडून दोन मीटरचा हिशेब पुन्हा करून घेतला. दोन्ही मीटरांचा स्थिर आकार धरूनही फरक डोळ्यात भरण्यासारखा होता. सुवर्णा ऐकून सासूबद्दल म्हणाली, "आत्याबाईले आवडनार नाई." पण शिलाईच्या कमाईतला केवढा तरी भाग बिलात जातो हे तिलाच सगळ्यांत जास्त सलत होतं, म्हणून तिनंही अडवलं नाही.

मायला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे म्या खोटं बोलाचं," ती म्हणाली.

"खोटं कायचं, माय? कागदापुरतं हाये. कार्ड तुहं वेगळंच हाये. खोली तुह्याच नावानं करू."

"अन् राहाचं कुठं?"

"इथंच. आपल्याजवळ. काईच बदलनार नाई."

केसरबाईनं सूप एकदा झटकलं. "तुले गरज हाये का?" एवढंच तिनं विचारलं. तो 'हाव' म्हणाला. तिनं मान हलवली. पोराला गरज आहे म्हटल्यावर तिनं आयुष्यात कधी 'नाही' म्हटलं नव्हतं, आणि हे प्रेमानंदला पक्कं माहीत होतं. विचारताना त्यानं त्याच भरवशावर विचारलं होतं. पुढं किती तरी दिवस त्याला टोचत राहिलं ते हेच.

मार्च संपत आला होता. मागची खोली रिकामी केली, तिच्यात मायची पेटी, सतरंजी, दोन गंज, तवा आणि एक जुनी शेगडी मांडली. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर लावली. अर्ज दिला होताच. तपासणीला वीज कंपनीचे साहेब आले ते एका वायरमनला घेऊन, भर दुपारी. चाळिशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी दार पाहिलं, वायर पाहिली, राशन कार्ड पाहिलं. केसरबाई शेगडीजवळ बसली होती. प्रेमानंद दाराशी उभा होता.

"आजी, तुम्ही वेगळ्या राहता?"

"हाव सायेब. मी माही वेगळी राह्यते."

"स्वयंपाक?"

"माहा मी करते."

इतकंच पढवलेलं होतं. काम झालं असं वाटून प्रेमानंदनं श्वास सोडला. पण साहेब कागद मिटता मिटता थांबले. मनात काही नव्हतं, म्हातारी बाई एकटी दिसली म्हणून विचारलं असेल.

"मुलगा काही देतो का, आजी? किराणा, औषधपाणी?"

केसरबाईनं वर पाहिलं. साहेबांकडं नाही, प्रेमानंदकडं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. काय म्हणू, असं ती नजरेनं विचारत होती. 'देतो' म्हटलं तर साहेबांना शंका येईल, एकत्रच आहेत म्हणतील, असं काहीसं त्याच्या डोक्यात चमकून गेलं आणि त्यानं मान हलवली. आडवी. अगदी थोडी, साहेबांना दिसणार नाही एवढीच.

"नाई देत," केसरबाई म्हणाली.

गल्लीत शेजारची आशाबाई पापड वाळत घालत होती. तिचा हात तिथंच थांबला. साहेबांनी वळून प्रेमानंदकडं एकदा पाहिलं. सही केली आणि बाहेर पडले.

संध्याकाळी प्रेमानंद मायला आवडतात म्हणून जिलब्या घेऊन आला. सुवर्णानं ताटं घेतली. पूनम आजीला हाक मारायला गेली आणि तशीच परत आली.

"आजी भाकर थापून राह्यली. तिथंच. जेवते म्हने तिची तिची."

रागावली असेल, उद्या निवळेल, असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशीही मागच्या खोलीतून तव्याचा वास आला. तिसऱ्या दिवशी प्रेमानंद स्वतः गेला. माय ठेच्याशी भाकर खात बसली होती. तिच्या पुढ्यात तो उकिडवा बसला.

"माय, रागावली का तू?"

"नाई बा. राग कायचा?"

"मंग चाल ना जेवाले. सुवर्णा वाट पाहून राह्यली."

"म्या सायेबाले काय सांगतलं? वेगळी राह्यते म्हनून सांगतलं. मंग आता वेगळी राह्यते. बोललेलं खरं तं करा लागते."

"अवं पन ते कागदापुरतं होतं!"

"कागद तुहा होता, प्रेमानंद," केसरबाई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तोंड माहं होतं ना."

ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली आणि तो समोर बसून राहिला. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "जाय, जेवून घे. ड्यूटीवर जाचं असंन तुले."

तिनं जिलब्याही घेतल्या नाहीत, सुवर्णाचं पीठही घेतलं नाही. राशनचं धान्य आणि निराधार योजनेचे पैसे, त्यात ती भागवू लागली. बोलणं मात्र सोडलं नव्हतं. पूनमची वेणी घालून द्यायची, सुवर्णाला शिलाईच्या गुंड्या लावून द्यायची. फक्त ताटाची वेळ आली की उठून मागच्या खोलीत जायची. ती खोली पत्र्याची. टेबलफॅन ठेवला होता, तो ती लावायची नाही. उलट पुढच्या खोलीतला कुलर आणि फ्रीज आता तिच्याच मीटरवर चालत होते. दुपारी कुलरसमोर आडवा झाला की प्रेमानंदला वाटायचं, ही हवा मायच्या नावची आहे, आणि माय पलीकडं पत्र्याखाली घामेजून बसली आहे. तो उठून बसायचा. पण कुलर बंद करून काय होणार, म्हणून पुन्हा आडवा व्हायचा.

दोन्ही बिलं आली. चंद्रशेखर म्हणाला होता तसंच झालं होतं. दोन्हींची बेरीज जुन्या एका बिलापेक्षा खूप कमी होती. पूनमनं मोबाइलवर बेरीज करून दाखवली आणि सुवर्णाच्या तोंडून "बरं झालं बाप्पा" असं निघून गेलं. मग तिनंच जीभ चावली. प्रेमानंदनं तेव्हाच मीटर बंद करायचं ठरवायला हवं होतं. ते त्याच्या मनातही आलं. पण त्यानं स्वतःला समजावलं की मायचा राग उन्हाळाभर टिकणार नाही, कुलरचे महिने निघून जाऊ दे, मग पाहू. असं समजावता येतं याचीच त्याला नंतर शरम वाटायची.

चैत्र पौर्णिमेला पूनम आजीला घेऊन विहारात गेली. केसरबाईची पौर्णिमा कधी चुकत नसे. पंचशील तिला तोंडपाठ होतं आणि म्हणताना तिचा आवाज सगळ्या बायांमध्ये वेगळा ऐकू यायचा. परत आल्यावर पूनमनं चप्पल काढता काढता बापाला सांगितलं.

"बाबा, आजी आज चौथं शील म्हनालीच नाई. बाकीचे चार म्हनले. खोटं बोलनार नाई ते आलं तेव्हा तोंड मिटून बसली. म्या कोपर मारलं, तरी नाई."

"घसा बसला असंन," प्रेमानंद म्हणाला.

पूनम त्याच्याकडं पाहत राहिली. "पाचवं म्हनलं ना तिनं," ती म्हणाली आणि आत गेली.

कांद्याची काढणी सुरू झाली तशी केसरबाई कामाला जाऊ लागली. आधी कोणाला कळलंच नाही. सकाळी लवकर उठून ती डबा बांधायची आणि चौकातून मजूर बायांच्या ऑटोत बसायची. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखणारी, कांदे कापायला. सुवर्णाला आशाबाईकडून कळलं. आशाबाईनं ते सांगताना जरा जास्तच हळहळ दाखवली. 'पोरगा काई देत नाई म्हनल्यावर काय करन बिचारी,' असं ती गल्लीत बोलत होती.

प्रेमानंदनं मायची वाट अडवली. "माय, कायले जातं तू? लोक काय म्हनतीन मले?"

"लोकायचं मले मालूम नाई. पोरगा देत नाई म्हनून सांगतलं ना म्या? मंग पोराचं कसं घेऊ? कमवा लागते."

तिला टोमणा मारायचा नव्हता. टोमणे तिला येतच नसत. ती अगदी सरळ बोलत होती, आणि म्हणूनच प्रेमानंद वाटेतून बाजूला झाला.

आणि मग तो दिवस आला. सिंदखेडराजाहून मेहकरला परतणारी गाडी. दुपार कलली होती, गाडी खच्चून भरलेली. दुसरबीडच्या फाट्यावर हात दाखवून बाया चढल्या, पदर डोक्यावर, हातात विळे आणि रिकामे डबे, अंगाला कांद्याचा वास. प्रेमानंद मशीन घेऊन मागून पुढं सरकत होता. "टिकट, टिकट. बोला ताई, कुठं?" असं म्हणत त्यानं हात पुढं केला तर समोर केसरबाई उभी. मजुरीवाल्या बायांचा ऑटो बंद पडला होता म्हणून सगळ्या एसटीनं निघाल्या होत्या.

"मेहकर," ती म्हणाली आणि कनवटीची घामानं भिजलेली नोट त्याच्या पुढं धरली. "अर्धं."

प्रेमानंदचा हात मशीनवर तसाच राहिला. "माय, असू दे," तो हळूच म्हणाला. "तुहं टिकट मी भरतो."

"फाड टिकट."

"माय..."

"अरे, माही कमाई हाये. फाड."

गाडीतली निम्मी माणसं दुसरबीडची. बऱ्याच जणांनी केसरबाईला तरणीताठी असताना पाहिलेलं. त्यांतल्या भगवंतराव नावाच्या म्हाताऱ्यानं खिडकीबाहेरची मान आत घेतली आणि दोघांकडं पाहिलं. त्याच्या शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. प्रेमानंदनं बटण दाबलं, मशीनमधून तिकीट निघालं, ते त्यानं मायच्या हातावर ठेवलं आणि तिच्याकडून पैसे घेतले. उरलेले सुटे देताना त्याची बोटं तिच्या तळहाताला लागली. तळहात कांद्याच्या पातीनं काळा पडलेला आणि विळ्यानं सोललेला होता.

एका जवान पोरानं उठून तिला जागा दिली. ती बसली आणि डोळे मिटून मान मागं टाकली. इतकी वर्षं म्हातारी माणसं चढली की ज्यानं जागा करून दिली होती, त्यानं त्या दिवशी आपल्या मायसाठी ते केलं नव्हतं. त्याला सुचलंच नव्हतं. मेहकर येईपर्यंत तो मागच्या दाराशी उभा राहिला, पुढं आलाच नाही. बेलही चंद्रशेखरनं आरशातून खूण केल्यावर मारली.

आगारात गाडी लागल्यावर चंद्रशेखर त्याच्याजवळ आला. "मायनं मजुरी कराले सुरुवात केली? काऊन बे?"

"तुह्या एका वाक्यानं," असं म्हणावं असं प्रेमानंदच्या ओठांवर आलं होतं. पण वाक्य चंद्रशेखरचं असलं तरी मान आपली होती, हे त्याला ठाऊक होतं. तो हिशेब जमा करायला गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो वीज कंपनीच्या कार्यालयात गेला. तेच साहेब टेबलावर होते. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"मीटर बंद करायचं आहे," प्रेमानंद म्हणाला. मग उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. माय वेगळी राहत नव्हती, शेगडी मांडली होती ती तपासणीपुरती, अर्धं घर त्या मीटरवर चालतं. शेवटचं सांगताना त्याचा आवाज खाली गेला. "तुम्ही विचारलं ना, मुलगा काही देतो का. तेव्हा ती माझ्याकडं पाहत होती. मीच मान हलवली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मला संशय आला होता," ते म्हणाले. "असे अर्ज पुष्कळ येतात. मी नामंजूरच करणार होतो. पण 'नाही देत' म्हणताना आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, एवढं खोटं असू शकत नाही."

डोळ्यांतलं पाणी प्रेमानंदनं पाहिलंच नव्हतं. मान हलवली आणि त्याच क्षणी त्यानं नजर दुसरीकडं वळवली होती.

फरकाची रक्कम भरावी लागेल, असं साहेबांनी सांगितलं, आणि एक अर्ज दिला. जोडणी केसरबाईच्या नावाची, तेव्हा आंगठा तिचा लागणार होता. तो अर्ज घेऊन प्रेमानंद घरी आला. माय त्या दिवशी कामाला गेली नव्हती, ताप होता. मागच्या खोलीत सतरंजीवर पडून होती. त्यानं आधी टेबलफॅन लावला. तिनं 'नोको' म्हणून हात हलवला, तरी लावला.

"माय, मी सायेबाले खरं सांगून आलो. मीटर बंद करून राह्यलो. याच्यावर तुहा आंगठा पायजे."

केसरबाई उठून बसली. "काय लेहेलं त्यात?"

"की तू आमच्याजवळ राह्यतं. आपुन एकत्र राह्यतो."

"राह्यतो का?"

प्रेमानंदनं खोलीभर नजर फिरवली. या खोलीत चूल होती, गंज होते, तिच्या कमाईच्या पिठाचा डबा होता. आता खरंच ती वेगळी राहत होती.

"तेव्हा एक खोटं बोलली," केसरबाई म्हणाली, "ते खरं कराले मले इतके दिवस लागले. आता पुन्हा दुसरं खोटं कायले सांगाले लावतं, बाबू?"

त्यानं तिचे पाय धरले. लहानपणी पंचमीच्या झोक्यावरून पडून डोकं फुटलं होतं तेव्हा रडला असेल, त्यानंतर तो मायसमोर रडला नव्हता. "चुकलो माय. तुह्यानं नाई म्हनवत नाई, हे मले मालूम होतं. म्हनूनच तुले सांगतलं. दुसऱ्या कोनाले नसतं सांगतलं."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "आधी राह्यतो. मंग आंगठा देते. आजच नाई."

पोळीभाजी घेऊन सुवर्णा आली तेव्हा केसरबाईनं जेवायला हात धुतले. ताप उतरल्यावर ती पुढच्या घरात आली. प्रेमानंदनं शेगडी उचलून माळ्यावर टाकली. पेटी आणि तसबिरी परत पुढच्या खोलीत आणल्या. केसरबाई रोज सगळ्यांबरोबर जेवू लागली, आणि बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी आपणहून म्हणाली, "आन तो कागद." स्टँप पॅडची शाई पुसायला सुवर्णानं तेल दिलं. वायरमन आला, मीटर काढून घेऊन गेला, भिंतीवर चार खिळ्यांची भोकं राहिली. पुढचं बिल पुन्हा एकाच नावावर आणि वरच्या टप्प्यात आलं. सुवर्णानं इस्त्रीची कामं सकाळच्या थंडाव्यात उरकायची ठरवली, आणि जुना फ्रीज विकून टाकला.

आशाबाईला प्रेमानंदनं स्वतः जाऊन सांगितलं की साहेबांपुढं जे ऐकलं ते खोटं होतं. ती म्हणाली, "असू दे भाऊ, घरोघरी चालतेच." तिनं नेमकं काय खरं धरलं ते त्याला कळलं नाही. गाडीवर भगवंतराव भेटला की आता तो तिकिटाचे पैसे न बोलता पुढं करतो आणि खिडकीबाहेर पाहतो. त्यालाही सांगावं असं प्रेमानंदला दर खेपेला वाटतं. पण चालत्या गाडीत, इतक्या लोकांत, कुठून सुरुवात करायची?

घरात मात्र सगळं जागेवर आलं असं बाहेरच्याला वाटलं असतं. पूर्वी केसरबाई भूक लागली की स्वतः उठून डब्यातली भाकर घ्यायची, गंजाचं झाकण काढून बोट बुडवून चाखायची, तिखट जास्त झालं की सुवर्णाला चार शब्द सुनवायची. आता ताट पुढं येईपर्यंत ती भिंतीशी बसून राहायची. वाढलं तेवढं खायची. 'आणखी घे' म्हटलं की 'बस झालं' म्हणायची.

आषाढात एक दिवस सुवर्णा गडबडीत वांग्याच्या भाजीत मीठ टाकायला विसरली. पहिल्याच घासाला पूनमनं तोंड वाकडं केलं. प्रेमानंदनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि मायकडं पाहत थांबला. आता म्हणेल, आता सुवर्णावर खेकसेल, अशी वाट पाहत त्यानं हातातला घास धरून ठेवला. केसरबाई खाली मान घालून एकेक घास खात होती. भाजी संपली. भाकरही संपली.

"माय," शेवटी तोच म्हणाला, "मीठ नाई भाजीत."

"असू दे बा," केसरबाई म्हणाली. "चालते मले."

ती उठली, मोरीत जाऊन आपलं ताट आपण धुतलं आणि पालथं घालून ठेवलं. सुवर्णानं मिठाचा डबा आणून प्रेमानंदसमोर ठेवला. त्यानं तो उघडला नाही. तशीच, आळणी भाजी तो शेवटपर्यंत खात राहिला.